कडा राखला, पठार दिले

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फीनिक्स शहराच्या पूर्वेला साधारण शंभर किलोमीटरवर सुपिरियर नावाचे खाणकामगारांचे छोटे गाव आहे. गावाच्या माथ्यावर एक उभा कडा आहे. त्याला ‘अपाची लीप’ म्हणतात, म्हणजे अपाचींची उडी. घोडदळाने कोंडीत पकडलेल्या अपाची लढवय्यांनी शरण जाण्याऐवजी या कड्यावरून खाली उड्या घेतल्या, अशी आख्यायिका तिथे सांगितली जाते. कड्याच्या मागच्या बाजूने वर गेले की ओकच्या झाडांचे एक पठार लागते. नकाशात त्याचे नाव ओक फ्लॅट आहे. अपाची त्याला ची’चिल बिल्दागोतील म्हणतात. ‘ची’चिल’ हा त्यांचा ओकसाठीचा शब्द. या झाडांची फळे वेचायला अपाची बायका पिढ्यानपिढ्या इथे येतात, वयात आलेल्या मुलींचे विधी इथे होतात आणि ‘गान’ नावाच्या पर्वतदेवतांचा इथे वास आहे, असे ते मानतात.

डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने संरक्षण खर्चाच्या भल्यामोठ्या विधेयकात अगदी शेवटच्या टप्प्यावर एक कलम जोडले. त्या एकाच कलमात दोन गोष्टी होत्या. एक, कड्याच्या परिसराला विशेष संरक्षण मिळाले. दोन, पठारासकट सुमारे २४०० एकर सरकारी जमीन अदलाबदलीत रेझोल्यूशन कॉपर या खाण कंपनीला द्यायचे ठरले. ही कंपनी रिओ टिंटो आणि बीएचपी या दोन बड्या खाण कंपन्यांची आहे. पहिलीचा वाटा ५५ टक्के, दुसरीचा ४५. पठाराखाली जवळपास दोन किलोमीटर खोलीवर तांब्याचा प्रचंड साठा आहे. तो काढण्याची पद्धत अशी, की खालचा खडक पोखरत जायचे आणि वरचा आपोआप ढासळू द्यायचा. काही वर्षांनी जमीनच खचते. सरकारच्या स्वतःच्या पर्यावरण अहवालानुसार तिथे सुमारे तीन किलोमीटर रुंद आणि तीनशे मीटरच्या आसपास खोल खड्डा पडेल.

अपाची जिथे मेले असे म्हणतात, ती जागा कायद्याने राखली. अपाची जिथे आजही जगतात, ती देऊन टाकली. कलम लिहिणाऱ्यांच्या मनात ही तुलना नसेलही. कडा गावाच्या डोळ्यांसमोर आहे, तो ढासळला असता तर ओरड झाली असती, हे साधे कारण पुरेसे आहे. तरी मला त्यात एक जुनी सवय दिसते. अपाचींकडे जगाने दीडशे वर्षे लढवय्ये म्हणूनच पाहिले. त्यांची लढाई सगळ्यांना ठाऊक आहे, पण स्वयंपाक, शेत, आजी, सण यांतले काहीच ठाऊक नाही. म्हणून ओक फ्लॅटवर नेमके काय नष्ट होणार आहे, हे ना काँग्रेसला दिसले ना न्यायालयाला. ते पठार कंपनीला देऊ नये असे माझे ठाम मत आहे. पण त्याचे कारण सांगायचे तर बंदुका बाजूला ठेवून सुरुवात टोपल्यांपासून करावी लागेल.

‘अपाची’ हे त्यांचे स्वतःचे नाव नाही. शेजारच्या झुनी लोकांच्या भाषेतल्या ‘शत्रू’ या अर्थाच्या शब्दावरून ते स्पॅनिश लोकांनी उचलले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ते स्वतःला न्दे, इंदे किंवा न्नी म्हणतात. बोलीप्रमाणे उच्चार बदलतो, अर्थ एकच, माणसे. त्यांच्या भाषा अथाबास्कन कुळातल्या. याच कुळातल्या भाषा दूर उत्तरेला अलास्कात आणि कॅनडाच्या वायव्य भागात बोलल्या जातात, आणि शेजारचे नावाहो तर भाषेने त्यांचे सख्खे भाऊबंद. अपाचींचे एक राष्ट्र, एक राजा असे कधीच नव्हते. चिरिकाहुआ, मेस्कालेरो, हिकारिया, लिपान, पश्चिमी अपाची असे वेगवेगळे समूह, त्यांच्या पोटात टोळ्या आणि टोळ्यांच्या पोटात नात्यातल्या घरांची वस्ती. वस्तीचा म्होरक्या हुकूम सोडत नसे. तो समजावून सांगे. पटले तर लोक मागे येत, नाही पटले तर बिऱ्हाड उचलून दुसरीकडे जात. पुढे अमेरिकी सेनापती ‘अपाचींचा प्रमुख’ शोधत राहिले आणि एकाशी केलेला करार दुसऱ्याने मोडला म्हणून चिडत राहिले, त्याचे मूळ इथे आहे. सगळ्यांच्या वतीने सही करू शकेल असा माणूस त्या समाजात नव्हताच.

ज्या पश्चिमी अपाचींच्या मुलखात ओक फ्लॅट येते, त्यांचे वर्ष डोंगर आणि खोरे यांच्यामध्ये फिरत असे. वसंतात ओढ्याकाठच्या लहानशा शेतांत मका, घेवडा, भोपळा लावायचा. रोपे हातभर झाली की राखणीला म्हातारी माणसे ठेवून बाकीच्यांनी निघायचे. उन्हाळ्यात खालच्या वाळवंटात साग्वारो निवडुंगाची फळे, मग डोंगरउतारावर ओकची फळे, त्यामागोमाग मेस्किटच्या शेंगा. हे मेस्किट म्हणजे आपल्या माळरानांवर माजलेल्या वेड्या बाभळीचे जवळचे भावंड. तिच्या गोड शेंगा कुटून ते पीठ करत. शरदात परत येऊन मका काढायचा, पिन्योन पाइनच्या बिया गोळा करायच्या आणि थंडी पडली की पुन्हा खाली उतरायचे. पुरुष हरणांच्या शिकारीला जात, पण रोजचे पोट मोठ्या प्रमाणात बायकांच्या वेचणीवर चाले.

मेस्काल हा त्यातला सर्वात कष्टाचा भाग. आपल्याकडे बांधावर जो घायपात लावतात, त्याच्या जातीचे हे झाड. पात्या छाटून त्याचा गड्डा काढायचा. जमिनीत मोठा खड्डा खणायचा, त्यात दगड तापवायचे, त्यावर गड्डे रचून गवत आणि माती लोटायची आणि दोन-तीन दिवस वाट पाहायची. बाहेर येतो तो गुळचट, तंतुमय पदार्थ. कुटून, वाळवून त्याच्या वड्या केल्या की महिनोन्‌महिने टिकतात. मेस्कालेरो अपाचींना नावच यावरून पडले. एवढे काम एकट्यादुकट्याचे नाही. बहिणी, मावश्या, लेकी मिळून ते करत, कारण त्या एकाच वस्तीत राहत. लग्नानंतर मुलगा सासरी राहायला येई, मुलगी आईजवळच राही. पश्चिमी अपाचींत कूळ आईकडून येते. जावयाने सासूसमोर यायचे नाही, ही रीत मात्र कडक. तिच्यामागे धाक नव्हता, आदर होता. ज्या बाईच्या वस्तीत आपण राहतो, तिचा मान राखायचा.

ओक फ्लॅटवर जे ओक आहेत, त्यांना एमरी ओक म्हणतात. बहुतेक ओकची फळे कडूजार असतात आणि पाण्यात पुन्हा पुन्हा धुतल्याशिवाय खाता येत नाहीत. एमरी ओकचे फळ तुलनेने गोड, वेचून थेट दळता येते. त्याचे पीठ मांसाच्या रश्शात घालतात. आजही सान कार्लोस या अपाचींच्या राखीव मुलखात लग्न असो, विधी असो की घरात कुणी गेलेले असो, हा रस्सा लागतोच. जुलै-ऑगस्टमध्ये कुटुंबेच्या कुटुंबे झाडांखाली चादरी पसरतात आणि कोणते झाड चांगले धरते हे आजी नातवंडांना दाखवते. दुसरीकडून ओक आणता येतील, असे सुचवणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी. शंभर-शंभर वर्षे वाढलेली झाडे, त्यांच्या खालची माती आणि कोणत्या फांदीला कोणत्या वर्षी किती फळ येते याची पिढ्यांची ओळख, हे उचलून नेता येत नाही.

मुलगी वयात आली की पश्चिमी अपाचींत चार दिवसांचा विधी होतो, ना’ई’ईस. बाहेरचे लोक त्याला सूर्योदयाचा विधी म्हणतात. तयारी महिनोन्‌महिने चालते, कारण सगळ्या नातलगांना जेवण घालायचे असते आणि मुलीसाठी एक धर्ममाता निवडायची असते. ते नाते मग आयुष्यभर टिकते. हरणाच्या कातड्याचा पोशाख, कपाळावर शिंपल्याचा तुकडा, हातात घुंगरांची काठी. पहाटे सूर्याकडे तोंड करून ती नाचू लागते आणि तासन्‌तास नाचत राहते. चार दिशांना धावते. शेवटी तिच्या अंगावर पिवळे परागकण शिंपडतात, पाणकणसाचे. ‘बदलती स्त्री’ ही त्यांची आदिमाता. म्हातारपण आले की ती पूर्वेकडे चालत जाते आणि पुन्हा तरुण होते. विधीच्या दिवसांत त्या आदिमातेची शक्ती मुलीत उतरते, असे मानतात आणि लोक तिच्याकडे आशीर्वाद मागायला येतात. वयात येण्याची गोष्ट लाजेने दडपण्याऐवजी सगळ्या गावाने तिच्यापुढे हात जोडायचे, ही कल्पना करून पाहावी. हा विधी सहजी टिकलेला नाही. १८८३ च्या नियमांनी आदिवासींचे नाच आणि विधी हा गुन्हा ठरवला होता. या लोकांच्या धर्माला मोकळीक देणारा कायदा अमेरिकेने केला तो थेट १९७८ मध्ये. त्या मधल्या काळात कुणीतरी ते मंत्र तोंडपाठ ठेवले, पराग जमवून ठेवला, लांबच्या डोंगरात जाऊन मुलींना नाचवले.

आणखी एक गोष्ट, जी मला सर्वांत मोलाची वाटते. पश्चिमी अपाची जागांना लांबलचक नावे देतात. नाव म्हणजे त्या जागेचे चित्रच असते, पाणी कसे वाहते, खडक कसा कलला आहे, झाड कुठे उभे आहे. प्रत्येक नावामागे तिथे काय घडले याची गोष्ट असते आणि बहुतेक गोष्टींत कुणीतरी चुकते आणि त्याची फळे भोगते. एखादा तरुण वाट चुकला तर त्याला थेट बोलायचे नाही, चारचौघांत नुसते त्या जागेचे नाव घ्यायचे, गोष्ट सांगायची. ज्याला लागायचे त्याला लागते. नंतर तो त्या जागेवरून जाईल तेव्हा जागाच त्याला आठवण देईल. ज्या समाजाचे नीतिशास्त्र पोथीत नसून टेकड्यांवर ठेवलेले आहे, त्याची टेकडी खचवणे म्हणजे काय, हे यावरून समजावे.

आता लढाईकडे येतो, कारण ती टाळून खरे सांगता येणार नाही. अपाची छापे घालत. मेक्सिकन गावांतून घोडे, गुरे पळवत, माणसेही धरून नेत. टोहोनो ओ’ओधाम आणि पुएब्लो शेजाऱ्यांनी हे फार सोसले. पण अपाचींच्या मनात छापा आणि युद्ध या दोन निराळ्या गोष्टी होत्या. छापा अन्नासाठी, गाजावाजा न करता जायचे, गुरे हाकून आणायची, जमेल तितकी गाठ टाळायची. युद्ध सूडासाठी, आपले कुणी मारले गेले तर त्याच्या नातलगांनी पुकारायचे. १८३५ मध्ये मेक्सिकोतल्या सोनोरा राज्याने अपाचींच्या टाळूच्या कातडीवर बक्षीस लावले, पुढे शेजारच्या चिवावा राज्यानेही तेच केले. बाई, मूल, म्हातारा, कुणाचीही टाळू चाले. नातलगांच्या सुडावर चालणाऱ्या समाजात त्याने काय पेटले असेल हे सांगायला नको. गोयाथ्ले नावाच्या तरुणाची आई, बायको आणि तीन मुले १८५१ च्या सुमारास हानोस गावाजवळ मेक्सिकन सैनिकांनी मारली. त्या नावाचा अर्थ ‘जांभई देणारा’ असा सांगतात. जग त्याला जेरोनिमो म्हणून ओळखते.

अमेरिकनांशी सुरुवातीला असे वैर नव्हते. १८५२ मध्ये सांता फे इथे करार झाला. त्यात अपाचींनी जमीन सोडल्याचे एक अक्षर नाही. उलट त्यांच्या प्रदेशाच्या सीमा लवकरच ठरवून देऊ आणि त्यांच्या सुखसमृद्धीला पोषक कायदे करू, असे अमेरिकेने लिहून दिले. त्यानंतर सोने आणि तांबे सापडले. १८६१ मध्ये अपाची पास इथे एका लेफ्टनंटने भलत्याच अपहरणाच्या आरोपावरून चिरिकाहुआंचा म्होरक्या कोचीस याला पकडण्याचा प्रयत्न केला. १८६३ मध्ये वाटाघाटीला आलेला वृद्ध म्होरक्या मांगास कोलोराडास याला अमेरिकी सैनिकांनी कैदेत ठार मारले.

या सगळ्यांतली एक घटना मी थांबून सांगणार आहे, कारण ती लढाई नव्हती. १८७१ च्या वसंतात पश्चिमी अपाचींच्या अराव्हायपा आणि पिनाल टोळ्यांचे काही शे लोक कॅम्प ग्रँट या लष्करी ठाण्याजवळ, अराव्हायपा ओढ्याकाठी शांततेने राहायला आले होते. लेफ्टनंट व्हिटमन याने त्यांना आसरा दिला होता. बायका लष्कराला गवत कापून विकत होत्या, मेस्काल भाजत होत्या, शेते लावण्याचे बोलत होत्या. ३० एप्रिलच्या पहाटे टूसॉनहून आलेल्या अमेरिकन, मेक्सिकन आणि टोहोनो ओ’ओधाम माणसांनी झोपेतल्या वस्तीवर हल्ला केला. शंभराहून अधिक माणसे मारली गेली. जवळजवळ सगळ्या बायका आणि मुले होती, कारण पुरुष शिकारीला गेले होते. पंचवीसहून अधिक मुले पळवून नेली. वर्षअखेरीस शंभर जणांवर खटला चालला. ज्युरीने एकोणीस मिनिटांत सगळ्यांना निर्दोष सोडले. ओक फ्लॅटच्या भोवतीचा डोंगराळ भाग याच पिनाल लोकांचा. आज त्या पठारासाठी उभे राहिलेल्या अनेकांचे पूर्वज त्या ओढ्याकाठी होते.

वाचलेल्यांना पुढे सान कार्लोसच्या राखीव मुलखात कोंबले, एकमेकांशी न पटणाऱ्या टोळ्याही एकत्र. राखीव मुलूख म्हणजे अमुक रेषेच्या आत राहा, बाहेर पाऊल टाकले तर शत्रू समजू. मग त्या रेषेच्या आत चांदी, तांबे, कोळसा सापडेल तसतसे तुकडे काढून घेतले. ग्लोब, क्लिफ्टन, मोरेन्सी ही ॲरिझोनाच्या तांब्याच्या इतिहासातली नामांकित गावे. त्यांच्या आसपासचा मुलूख असाच सुटला. १९२० च्या दशकाच्या अखेरीस धरण झाले आणि जुने सान कार्लोस गाव पाण्याखाली गेले. तांबे आणि अपाची यांचे नाते २०१४ मध्ये सुरू झालेले नाही.

४ सप्टेंबर १८८६ रोजी जेरोनिमो स्केलेटन कॅन्यनमध्ये शरण आला. त्याच्याबरोबर चाळिसाहून कमी माणसे होती, त्यांतली निम्म्याहून जास्त बायका-मुले. मागावर पाच हजार सैनिक होते. सरकारने मग या मूठभरांनाच नव्हे, तर शांतपणे राखीव मुलखात राहणाऱ्या चिरिकाहुआंनाही आगगाडीत घालून फ्लोरिडाला नेले. ज्या अपाची वाटाड्यांनी अमेरिकी लष्कराच्या बाजूने काम केले, जेरोनिमोला शरण येण्याचा निरोप ज्या मार्टिन आणि कायिताने जीव धोक्यात घालून पोहोचवला, तेही त्याच कैद्यांत. मुले पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइलच्या शाळेत पाठवली. केस कापले, नावे बदलली, कितीतरी क्षयाने गेली. फ्लोरिडाहून अलाबामा, तिथून ओक्लाहोमातला फोर्ट सिल. ही युद्धकैद सत्तावीस वर्षे चालली, १९१३ पर्यंत. फोर्ट सिलमध्ये जन्मलेले मूलही जन्मतःच युद्धकैदी. जेरोनिमोला १९०४ च्या सेंट लुईसच्या जत्रेत लोकांना दाखवायला नेले, १९०५ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या मिरवणुकीत घोड्यावर बसवले. त्याने मायदेशी जाऊ द्या अशी विनंती केली. ती नाकारली गेली. १९०९ मध्ये तो कैदी म्हणूनच वारला.

मिरवणुकीतला तो घोडेस्वार लोकांच्या मनात राहिला, कैदी विसरला गेला. त्याचे नाव घेऊन छत्रीधारी सैनिक विमानातून उड्या मारू लागले. लष्कराने लढाऊ हेलिकॉप्टरला अपाची नाव दिले. २०११ मध्ये ओसामा बिन लादेनवरच्या कारवाईत ‘जेरोनिमो’ हा सांकेतिक शब्द वापरला गेला, तेव्हा फोर्ट सिल अपाचींच्या अध्यक्षांनी ओबामांना पत्र लिहून माफीची मागणी केली होती. आपल्याकडेही हे नाव त्याच वाटेने आले. पठाणकोटच्या तळावर २०१९ पासून अपाची हेलिकॉप्टरे आहेत, रस्त्यावर त्या नावाची मोटारसायकल आहे. मराठी मुलाला हा शब्द वेगाचा, माऱ्याचा वाटतो. ते नाव वापरणाऱ्या कुणावर माझा राग नाही. पण ज्या नावाने आपण इतक्या सहज बोलतो, ते नाव धारण करणारी माणसे आज एका पठारासाठी न्यायालयात झगडत आहेत, हे निदान कळायला हवे.

वेन्डस्लर नोसी हे सान कार्लोस अपाचींचे माजी अध्यक्ष. त्यांनी ‘अपाची स्ट्राँगहोल्ड’ ही संघटना उभी केली, २०१९ मध्ये ते ओक फ्लॅटवरच राहायला गेले आणि जानेवारी २०२१ मध्ये संघटनेने सरकारवर दावा लावला. मुद्दा धर्मस्वातंत्र्याचा होता. अमेरिकेत धर्मस्वातंत्र्य ही साधी गोष्ट नाही. सरकारला कुणाच्या श्रद्धेवर भार टाकायचा तर सबळ कारण द्यावे लागते. तरीही मार्च २०२४ मध्ये अपील न्यायालयाच्या मोठ्या पीठाने सहा विरुद्ध पाच मतांनी दावा फेटाळला. त्यांनी १९८८ च्या एका जुन्या निकालाचा आधार घेतला. त्या निकालाचा आशय असा, की जमीन शेवटी सरकारची आहे. सरकार स्वतःच्या जमिनीचे काही करते तेव्हा ते कुणाला श्रद्धेविरुद्ध वागायला भाग पाडत नाही, म्हणून तो भार नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. न्यायमूर्ती गोर्सच यांनी असहमती लिहिली, न्यायमूर्ती थॉमस त्यांच्याबरोबर होते. त्यांनी विचारले, की एखादे ऐतिहासिक कॅथीड्रल पाडायला सरकार निघाले असते तर आपण हे प्रकरण ऐकण्याजोगे मानले नसते का?

हा प्रश्न बरोबर जागी लागतो. न्यायालयाचा तर्क भिंती असलेल्या धर्मासाठी घडलेला आहे. ज्यांचा देव इमारतीत आहे त्यांची इमारत सहसा त्यांच्या मालकीची असते, म्हणून तिला धक्का लागत नाही. ज्यांचा देव झऱ्यात आणि झाडीत आहे, त्यांची जमीन आधीच काढून घेतलेली असते. मग त्यांना सांगायचे, की जमीन तुमची नाही. देवराईत कुऱ्हाड न्यायची नाही, हे ज्याने लहानपणी ऐकले आहे अशा मराठी माणसाला छत नसलेले देऊळ समजावून सांगावे लागत नाही. आणि जमीन ‘सरकारची’ कशी झाली, तर सांता फेच्या करारात नसलेल्या वाक्यामुळे आणि अराव्हायपाच्या पहाटेमुळे.

दुसरी बाजू पोकळ नाही. जगाला तांबे हवे आहे. विजेवर चालणाऱ्या गाडीला पेट्रोलच्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त तांबे लागते, पवनचक्क्या आणि तारांनाही लागते. ही खाण अमेरिकेच्या गरजेचा चौथा हिस्सा भागवू शकेल असे कंपनी सांगते. सुपिरियरमधली जुनी खाण १९९० च्या दशकात बंद पडल्यापासून गावाला रोजगार हवा आहे. अपाचींतही खाणीच्या बाजूने बोलणारे लोक आहेत आणि राखीव मुलखातली गरिबी पाहिलेल्याने त्यांना नावे ठेवू नयेत. पण तांबे इतर ठिकाणीही आहे, वितळवून पुन्हा वापरताही येते. ओक फ्लॅट एकच आहे. आणि दर वेळी हाच तराजू लावायचा, एका पारड्यात सगळ्यांची प्रगती आणि दुसऱ्यात नेमकी त्याच लोकांची जागा, याला गरज म्हणता येणार नाही. दीडशे वर्षांत ग्लोबचे तांबे, क्लिफ्टनचे तांबे, धरणाचे पाणी हे सगळे देशाच्या गरजेचेच होते. कंपनीच्या सौजन्यावर विसंबायचे तर रिओ टिंटोने मे २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या जूकन घळीतली गुहा-आश्रयस्थाने सुरुंगाने उडवली, हे विसरावे लागेल. तिथे माणसाच्या वावराचा ४६ हजार वर्षांचा पुरावा होता. वर्षाच्या आत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला पद सोडावे लागले. गुहा परत आल्या नाहीत.

अपाची स्वतःच या भागात काही शतकांपूर्वी उत्तरेकडून आले, मग जागा त्यांची कशी, असाही एक युक्तिवाद ऐकू येतो. तो मला प्रामाणिक वाटत नाही. ओक फ्लॅटवर यावापाई, ओ’ओधाम, होपी, झुनी यांचेही ऋणानुबंध आहेत आणि या जमातींनीही खाणीला विरोध नोंदवला आहे. ज्यांचे पूर्वज अपाचींच्या छाप्यांनी त्रासले, तेही या बाबतीत अपाचींच्या बाजूला उभे आहेत. त्यांना जे समजले ते खाणीच्या वकिलांना समजू नये?

हे सोडवणे अशक्य आहे असे कुणी म्हणू नये. २०१३ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातल्या नियमगिरीचा प्रश्न डोंगरिया कोंधांच्या ग्रामसभांकडे सोपवला. हा डोंगर तुमचा देव आहे का आणि खाणीने त्याला बाधा येते का, हे त्यांनाच ठरवू दिले. बारा ग्रामसभा बसल्या, बाराही नाही म्हणाल्या, खाण झाली नाही. अमेरिकेला तर घरचाच दाखला आहे. न्यू मेक्सिकोतल्या ताओस पुएब्लोंचे ब्ल्यू लेक हे पवित्र तळे १९०६ मध्ये राष्ट्रीय जंगलात घेतले गेले होते. चौसष्ट वर्षे ते लोक मागत राहिले. पैसे देऊ केले तरी तळेच हवे म्हणाले. डिसेंबर १९७० मध्ये काँग्रेसने कायदा केला, अध्यक्ष निक्सन यांनी सही केली आणि तळ्यासह ४८ हजार एकर परत दिले.

ओक फ्लॅटला खाणीपासून राखणारा आदेश आयझेनहॉवर यांच्या काळात, १९५५ मध्येच निघाला होता. ब्ल्यू लेक परत दिल्यानंतर वर्षभरात, निक्सन यांच्याच कारकिर्दीत तो आदेश नव्याने काढला गेला, पण जमीन सरकारी मालकीतून बाहेर गेली की खाणीला वाट मोकळी होईल अशी फट ठेवून. २०१४ चे कलम त्या फटीतून आत आले. ऑगस्ट २०२५ मध्ये जमीन कंपनीकडे जाण्याच्या आदल्या दिवशी अपील न्यायालयाने तात्पुरती स्थगिती दिली. पण न्यायालयांची दारे बंद होत गेली तरी काँग्रेसचे दार बंद होत नाही. ते कलम रद्द करण्याची विधेयके ॲरिझोनाचे प्रतिनिधी राउल ग्रिहाल्वा यांनी २०१५ पासून पुन्हा पुन्हा मांडली. मार्च २०२५ मध्ये ते गेले, एकही मंजूर न होता. विधेयकातले वाक्य लहान आहे. कडा राखण्यासाठी जेवढी शाई लागली, तेवढीही त्याला लागणार नाही.